एकही प्रश्न न विचारता

३ फेब्रुवारी

अगं मास्तरीण,

आशीर्वाद नेहमीचेच. ते काही मी दर पत्राला नवे शिवत नाही.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. विद्यापीठात एवढी शिकलेली माणसं पोसली असताना अनोळखी लोकांना पत्रं लिहायला तुला कपडे अल्टर करणारी बहीण कशाला लागते, ते काही कळलं नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेलेल्या माणसांना मी काय लिहू? चेन बदलून मिळेल, बाह्या आखूड करून मिळतील?

ताईचं मन कुठंतरी गुंतावं हा तुझा डाव आहे, एवढं मला कळतं. बाहुल्या ओळीत बसवून त्यांना पाढे शिकवायचीस तेव्हापासून ओळखते मी तुला. जन्मभर नशा आणि मनाचे आजार यांच्यावर संशोधन केलंस, आता माझ्यावर सुरू केलंस.

मन गुंतत नाही गं. बटण्याला जाऊन वर्ष उलटलं. पुढच्या खोलीत मी मशीन चालवते आणि मागं त्याची खोली बंद. एकुलता एक लेक, मशीनखाली बसून माझी बटणं वेचत मोठा झाला, आणि आज तो कुठल्या गावात आहे हेसुद्धा मला माहीत नाही.

परवा फोनवर म्हणालीस, ताई, खिसे शिवायला नको होते. बरं बाई, नको होते! पण तू नव्हतीस इथं. त्याचे बाबा गेल्यावर त्यांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या हा घ्यायला लागला. मग त्यावर दारू. मग गोळ्या कुठून कुठून आणायला लागला आणि सगळ्या खिशात लपवायचा. दुसरी बाई असती तर तिनं खिसे तपासले असते. मी पडले शिवणारी. त्याच्या झाडून सगळ्या पँटींचे, शर्टांचे खिसे दुहेरी टाका घालून बंद केले. सकाळी घाईत कपडे चढवून कामावर गेला. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत साहेबांनी चारचौघांत किल्ल्या हातात दिल्या, हा खिशात टाकायला गेला तर हात आत जाईना. सगळे हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला.

मग मी फोनवर फोन केले. कुठं आहेस, जेवलास का, काय घेतलंस, कधी येतोस. शेवटी त्यानं नंबरच बदलला. एका मित्राकरवी निरोप आला, मी जिवंत आहे, शोधू नका. एवढ्यावर वर्ष काढलंय मी.

लिहीन तुझी पत्रं. पण अक्षराला नावं ठेवायची नाहीत. आणि आपण दोघींनीही पत्रंच लिहू या. फोनवर मी रडते आणि तू व्याख्यान देतेस.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

डाव ओळखलास. पण अर्धाच डाव आहे तो, उरलेलं अर्धं खरंच काम आहे.

केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट असतात. नशा सुटलेली असते, पण झोप नसते, मन खाली खाली जातं, आणि जुने मित्र तेवढे वाट बघत असतात. कुणी परत त्यातच जातं, कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतं. आम्ही डॉक्टर मंडळी काय करतो? एक तर विसरून जातो, नाहीतर फोन करून विचारतो: गोळी घेतली का, दारू घेतली का, तपासणीला कधी येता? त्या माणसाला आयुष्यात प्रश्न विचारणारे खूप असतात.

म्हणून हे संशोधन. महिन्याला एक हातानं लिहिलेलं पत्र, ज्याला काहीही नको आहे. प्रश्न विचारायचा नाही. उपदेश नाही, ‘या’ नाही, ‘कळवा’ नाही. आपल्या दिवसातलं साधंसुधं काहीतरी लिहायचं, बस. सोबत आम्ही एक कोरं कार्ड घालतो, तिकीट लावलेलं. वाटलं तर परत टाकावं, कोरंच टाकलं तरी चालतं. पत्र पोचलं एवढं आम्हाला कळतं. अर्ध्या लोकांना पत्रं जातील, अर्ध्यांना नाही, आणि दोन्हींतली किती माणसं तग धरतात ते बघायचं.

वेगवेगळ्या गावांतल्या केंद्रांमधली माणसं आहेत. नावं माझ्या सहायक मुलीच्या कपाटात कुलपात आहेत, मलाही दिसत नाहीत. तुझ्या वाट्याला चार नंबर आलेत: सात, तेवीस, एकतीस, चाळीस. तूही पाकिटावर नाव लिहायचं नाहीस, ‘अमुक नंबरच्या माणसास’ एवढंच, पत्ता ती मुलगी चिकटवते.

बटण्याची आठवण मलाही येते गं. सुट्टीत माझ्याकडे यायचा, माझ्या टेबलाखाली बसायचा. अजून खुर्ची मागं सरकवताना मी आधी खाली बघते.

तुझी,
मास्तरीण


१९ फेब्रुवारी

मास्तरीण,

आधी भांडण. अर्ध्यांना पत्र नाही म्हणजे? पंगतीत अर्ध्यांना वाढायचं आणि अर्ध्यांना नुसतं बघत बसवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? माझ्याकडे वेळ आहे, शाई आहे. त्या उरलेल्यांचे पत्ते दे गुपचूप, मी लिहिते. तुझ्या संशोधनाला काय कळतंय!

आता काम. तेवीस नंबरला लिहिलेलं पहिलं पत्र पाठवतेय, वाचून बघ:

‘नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? झोप लागते का? वेळेवर जेवता ना? घरी कोण कोण आहे? आई आहे का? असेल तर तिला फोन करता का? नसाल करत तर का करत नाही? एवढं काय आईनं केलं? आयांचा जीव कसा असतो हे तुम्हाला काय कळणार! असो. स्वतःला जपा. नक्की जपाल ना?’

मनापासून लिहिलंय हो.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र परत पाठवतेय. हे पत्र नाही, पोलिसी चौकशी आहे. त्यात तो बिचारा तेवीस नाहीच, तू बटण्यालाच धरून झापतेयस.

आणि ज्यांना पत्र जात नाही त्यांचं: मलाही ते टोचतं. पण पत्रांनी खरंच फरक पडतो हे दाखवता आलं, तर पुढं सगळ्यांनाच मिळतील. नाही पडला तर आपण नुसतेच मनाचं समाधान करत बसलो होतो हे तरी कळेल. त्यामुळे पत्ते देणार नाही. कपाटाची किल्लीही देणार नाही, मुलीला तसं सांगून ठेवलंय.

एक युक्ती सांगते. गिऱ्हाईक कपडा घालून बघत असतं तेव्हा तू तोंडात टाचण्या धरून बोलतेस ना? तेव्हा प्रश्न विचारता येत नाहीत, नुसतं हं हं करत आपलं काहीतरी सांगतेस. तसं लिही.

मास्तरीण


७ मार्च

तेवीस नंबरच्या माणसास,

नमस्कार. मी शिवणारी बाई आहे. नवे कपडे नाही शिवत, जुने दुरुस्त करते. तुम्हाला पत्र लिहायचं काम मला मिळालंय आणि त्यात काहीही विचारायची बंदी आहे, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण चालायचंच.

आज सकाळपासून एकाच झग्याशी झटते आहे. लग्नाआधी शिवलेला, आता बाई भरल्यात अंगानं. त्यांचं म्हणणं, कापड आटलं. मी म्हटलं, हो, हे कापड आटतंच. शिवणीत दाबलेली दोन बोटं जागा निघाली, तेवढी सोडली. पूर्वीचे शिंपी आत जास्तीचं कापड ठेवायचे. माणूस वाढणार, हे त्यांना माहीत असायचं. हल्ली सगळं अगदी कडेला कापतात.

खिडकीत मांजर येऊन बसलंय. ते माझं नाही, पण तसं त्याला सांगायची सोय नाही.

बास, आज एवढंच. या पत्राला काही नको आहे.

एक शिवणारी बाई


२८ एप्रिल

प्रिय ताई,

आता जमलं तुला! आटलेल्या कापडाचं पत्र वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले. चारही नंबरांची कार्डं परत येतात, कोरी का होईनात.

एक गंमत सांगते. खरं तर सांगू नये, पण यात काही गुपित नाही. तुझ्या तेवीसनं माझ्या सहायक मुलीच्या नाकी नऊ आणलेत. कार्ड कोरंच, पण चारही कडा दुमडलेल्या. आधी जराशी घडी, मग त्यावर पुन्हा तेवढीच घडी, नखानं दाबून पक्की केलेली. नोंदीसाठी कार्ड मशीनमधून सरकवावं लागतं, ते दर वेळी अडकतं. ती वैतागून म्हणते, मॅडम, या माणसाला पत्र नको, इस्त्री पाठवा.

मी मात्र ती कार्डं हातात घेऊन बघत बसते. एवढी सरळ घडी घालणारा माणूस अजून कशाला तरी धरून आहे, असं वाटतं. अर्थात असं वाटणं कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही.

बटण्याचं काही कळलं नाही. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते.

मास्तरीण


५ मे

मास्तरीण,

तेवीसची कार्डं फेकू नका. त्या मुलीला सांग, वर ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली की कडा सरळ होतात. नाही, नको. सरळ करू नका. तशीच ठेवा, एकावर एक, जड काही त्यांच्यावर ठेवू नका.

बाकी ठीक. मशीनचा पट्टा बदलला. गुडघा दुखतो, तो काय, दुखणारच.

आज जास्त लिहीत नाही, मशीनवर काम पडलंय. आणि बटण्याचं काही कळलं का, असं मी तुला एरवी विचारते, ते आज विचारलं नाही. तुला चुकल्यासारखं वाटेल म्हणून सांगितलं.

ताई


१६ मे

तेवीस नंबरच्या माणसास,

काल एक गृहस्थ कोट घेऊन आले, अस्तर फाटलंय म्हणून. कोट चांगल्यातला. मी अस्तर लावलं आणि सहज खिशाच्या कडेवरून बोट फिरवलं, तर खिसा शिवलेला. नवे कोट दुकानातून तसेच येतात, खिशाचा आकार बिघडू नये म्हणून वरून टाके घातलेले असतात. घरी आणल्यावर ते उसवायचे असतात. या गृहस्थांना कुणी सांगितलंच नव्हतं. कित्येक वर्षं खिसे नुसते दाखवण्यापुरतेच आहेत असं समजून ते हात बाहेर ठेवून हिंडत होते, थंडीतसुद्धा. मी टाके उसवून दिले. त्यांनी दोन्ही हात आत घातले आणि लहान मुलासारखे उभे राहिले. मग म्हणाले, अहो, हे तर खरे आहेत!

ते गेल्यावर मी मशीन बंद करून बसले. मला एक मुलगा आहे. मी एकदा त्याचे खिसे शिवले होते. राग होता, भीती होती, आणि हातात सुई होती. काम मात्र चांगलं झालं होतं, एकही टाका सुटला नसता. त्याच्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत रात्रंदिवस उशाशी तोच बसला होता. मी दमून झोपायचे, तो नाही. मग त्याची झोप गेली ती गेलीच. झोप गेलेल्या माणसाचे खिसे शिवून काय होणार होतं?

त्याची फार आठवण येते. ती सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगितली. तुम्ही काही करायचं नाही.

मांजर आता आतच झोपतं.

एक शिवणारी बाई


२ जून

मावशी,

अक्षर ओळखलंस का? मी बटण्या.

आधीच सांगतो, मी बरा आहे. गोळ्या बंद, दारू बंद. मध्ये एकदा घसरलो होतो, पण सावरलो. इथं एका वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करतो. तुझ्याच संशोधनातल्या एका केंद्रात मी उपचाराला होतो. बाहेर पडताना त्यांनी सहीला कागद दिला, त्यावर खाली तुझं नाव. म्हटलं, मावशीच्या मोजणीत एक माणूस वाढला तर वाढला. तिला कळणार नाही, पण तिच्या उपयोगी तरी पडू. सही करून टाकली.

मावशी, तेवीस नंबर मी आहे.

पहिलं पत्र आलं आणि पाकिटावर आईचं अक्षर. मला वाटलं तिला माझा पत्ता लागला. दिवसभर उघडलं नाही. उघडलं तर आत झगा, आटलेलं कापड आणि मांजर! मग लक्षात आलं, तिला ठाऊकच नाही. तू कपाटातून चिठ्ठ्या काढल्या असशील आणि आई माझ्या वाट्याला आली असेल. पत्र न मिळणाऱ्या अर्ध्यात माझी चिठ्ठी पडली असती तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

मी लिहून उत्तर देत नाही, कारण माझं अक्षर तिला लगेच कळेल. हाताला काहीतरी चाळा लागतो, म्हणून कडा दुमडतो आणि कार्ड पेटीत टाकतो.

कोटाच्या खिशांचं पत्र परवा मिळालं. वर्कशॉपच्या मागं जाऊन रडलो. माझ्याबद्दल ती असं बोलते हे मला माहीतच नव्हतं. मला कधी असं बोलली नाही गं. मला नेहमी प्रश्न.

म्हणून हात जोडून सांगतो, तिला सांगू नकोस. तिला कळलं की हीच पत्रं तिच्या फोनसारखी होतील. कुठं आहेस, काय घेतलंस, कधी येतोस. मला घरी जावंसं वाटत नाही असं नाही. रोज वाटतं. पण तिच्या पहिल्या प्रश्नाला मी दारातच मोडेन. मला अजून थोडे दिवस तेवीस राहू दे. आणि पत्रं बंद करू नकोस.

बटण्या


९ जून

माझ्या राजा,

तुझं पत्र ऑफिसातल्या टेबलावर उघडलं आणि दार लावून घेतलं. प्राध्यापकबाई आत रडतायत हे विद्यार्थ्यांना दिसायला नको. इतके दिवस तुझी कार्डं हातात घेऊन मी कौतुक करत होते, आणि सख्ख्या भाच्याचा हात ओळखला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी बाई, दुसरं काय!

आता कडू गोष्ट. तुला संशोधनातून काढावं लागलं. पत्र लिहिणारी तुझी आई आहे आणि तुला ते ठाऊक आहे, म्हणजे त्या आकड्याला काही अर्थ उरला नाही. नियमांच्या समितीला मी तसं कळवलं, नाव न घेता. नियमानं पत्रंही थांबायला हवीत. संशोधनाची थांबलीच. पण एका बहिणीनं दुसरीकडे पाठवलेलं पाकीट तिनं भाच्याच्या पत्त्यावर टाकलं, तर त्यात समितीचं काय जातं? ती पत्रं यापुढं माझ्या घरून येतील, तिकीट माझं.

तिला सांगणार नाही. तू माझा भाचा आहेस म्हणून नव्हे, विश्वासानं सांगितलंस म्हणून. पण दगडाखाली हात आहे माझा. ती तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलीय आणि तिच्या तोंडावर मला गप्प बसायचंय. तुला उपदेश करत नाही, तो नियम आता मलाही लागू. एवढंच सांगते, माझ्या टेबलाखाली जागा अजून आहे. फक्त तू आता त्यात मावणार नाहीस.

मावशी


१९ जून

प्रिय ताई,

एक कामाची गोष्ट. तेवीस नंबर संशोधनातून कमी केला आहे. कारण सांगता येणार नाही. पण त्यांची पत्रं तू थांबवू नकोस. ती वेगळ्या पाकिटात घालून माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव, मी पुढं पाठवीन. कृपा करून काही विचारू नकोस.

मास्तरीण


२७ जून

मास्तरीणबाई,

विचारत नाही, सांगते. तुला सांगता येत नाही ना, मग मीच सांगते. तेवीस म्हणजे माझा बटण्या.

घाबरू नकोस, तू काही फोडलं नाहीस. म्हणजे फोडलंस, पण तुझं तुलाच कळलं नाही. ते दुमडलेल्या कडांचं पत्र आलं ना, ते वाचता वाचता मी मशीन थांबवलं. आधी जराशी घडी, मग पुन्हा तेवढीच, वर नखानं दाबायची. तुरपाईच्या आधी कापड असंच दुमडतात गं. मशीनखाली बसायचा तेव्हा मी त्याला कागदाच्या कपट्यांवर शिकवलं होतं, हात गुंतलेला राहावा म्हणून. शाळेच्या वह्यांची पानंसुद्धा तशीच दुमडायचा, मार खायचा. मला काय पुरावा हवा होता आणखी? आणि आता तुझं हे पत्र. ‘कृपा करून’ म्हणे! जन्मात कधी कृपा करून म्हणाली नाहीस मला.

म्हणजे मेपासून मला माहीत आहे. कोटाचं पत्र मी त्याला लिहिलं, तेवीसला नाही. ‘तुम्ही’ लिहिताना प्रत्येक वेळी पेन अडकत होतं. माझ्या पोटच्या पोराला तुम्ही! पण मी विचार केला, ते कार्ड परत येतंय ते कुणासाठी? आईसाठी नाही. आईचा नंबर त्यानं बदलला. त्या बाईसाठी येतंय, जी काही विचारत नाही. मग मी तीच बाई राहायचं ठरवलं. त्याची आई व्हायला गेले तर दोघी जातील, ती बाईही आणि मीही.

सोपं नाही गं. वेड लागायची पाळी येते. तुझ्या पत्त्यावर निघून यावं, तुझा गळा धरावा आणि पत्ता घ्यावा असं रोज वाटतं. त्याच्या खोलीचं दार उघडून उभी राहते आणि सगळे प्रश्न तिथंच बोलून घेते, भिंतींना. मग परत येऊन मशीनवर बसते.

त्याला सांगू नकोस की मला कळलंय. तू त्याचं गुपित माझ्यापासून ठेव, माझं त्याच्यापासून ठेव. प्राध्यापक आहेस, एवढं जमायला हवं.

ताई


४ जुलै

ताई,

तुझ्या पत्राचं उत्तर मला देता येत नाही. तुझं बरोबर आहे असं मी म्हणत नाही, चूक आहे असंही म्हणत नाही. फक्त वाचलं, आणि कपाटात कुलपात ठेवलं.

मास्तरीण


१८ जुलै

तेवीस नंबरच्या माणसास,

या आठवड्यात गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून घरातली कामं काढली. मुलाच्या कपाटात त्याची राखाडी पँट होती. जाताना राहिलेली, शिवलेल्या खिशांची. खिडकीशी बसून ती उसवली.

शिवायला वेळ लागला नव्हता, उसवायला लागला. दुहेरी टाका घातला की असं होतं. ओढून काढला तर कापड फाटतं. एक एक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, कापायचा आणि धागा चिमटीनं काढायचा. चारही खिसे मोकळे केले. भोकांच्या बारीक खुणा राहिल्यात. धुतल्यावर त्याही जातील, नाही गेल्या तर राहतील. हात घालून बघितला, कोपऱ्यापर्यंत जातो.

खिशांत काहीच नव्हतं. मी काही ठेवलंही नाही. त्याचे खिसे आहेत, तो काय ठेवायचं ते ठेवील.

पँट धुऊन, घडी घालून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आहे. मांजराला त्या खुर्चीवर बसू देत नाही, त्यामुळे ते रुसलंय.

या पत्रालाही काही नको आहे.

एक शिवणारी बाई


४ ऑगस्ट

(कार्डावर)

आई,

तेवीस मी आहे. बरेच दिवस आहे. सांगायचं धाडस झालं नाही.

तुला प्रश्न विचारायची बंदी आहे, पण मला नाही, म्हणून विचारतो. ती राखाडी पँट न्यायला येऊ का?

बटण्या


९ ऑगस्ट

अगं मास्तरीण,

कार्ड तूच पुढं पाठवलंस, म्हणजे वाचलंही असशील. कार्ड आहे, उघडंच असतं, नाही म्हणू नकोस. या वेळी कडा दुमडलेल्या नाहीत. लिहायला जागा हवी होती त्याला.

तुझा नियम मी पुन्हा वाचला. प्रश्न विचारायचा नाही, उपदेश करायचा नाही, ‘या’ म्हणायचं नाही. पण तू सांगितलंस ते आपणहून म्हणायचं नाही. त्यानं विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही, असं कुठं सांगितलं होतंस? आणि तो तुझ्या संशोधनातही आता नाही. तेव्हा भांडायला येऊ नकोस, मी उत्तर दिलंय.

कधी निघतोस, कसा येतोस, तब्येत कशी आहे, काय जेवायला करून ठेवू, सगळं पेनाच्या टोकाशी आलं होतं. तोंडात टाचण्या धरल्या, खरोखरच्या, आणि लिहिलं. ‘ये.’ एवढंच, एक अक्षर. इतकं छोटं पत्र मी आयुष्यात कुणाला लिहिलं नव्हतं. काल तुझ्या घरच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं, मिळालं की पुढं पाठव.

आणि आज मशीन फिरवून दाराकडे तोंड करून ठेवलं. शेजारीण विचारत होती, हे काय मध्येच? तिला म्हटलं, इकडून उजेड बरा येतो.

ताई